बस वळते कशी, उलटते का: जीटीएमधल्या बसगाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

ग्रँड थेफ्ट ऑटो (जीटीए) या व्हिडिओ गेम मालिकेतल्या बसबद्दल बरेच प्रश्न जमा झाले होते. त्यांतले निवडक इथे घेतले आहेत. हिशेबासाठी सगळीकडे एकच बस धरली आहे: लांबी ११.५ मीटर, रुंदी २.५ मीटर, पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर (व्हीलबेस) ६ मीटर, पुढच्या चाकांच्या पुढे २.५ मीटर आणि मागच्या चाकांच्या मागे ३ मीटर. खेळातल्या कोणत्याही एका मॉडेलची ही मापं नाहीत, पण शहरी बसचा साधारण घाट हाच असतो.

प्रश्न: जीटीए ५ मध्ये टॅक्सी ज्या चौकात सहज वळते, तिथेच बस आतल्या बाजूच्या खांबाला घासते. बसचं स्टिअरिंग उशिरा लागतं का?

स्टिअरिंग वेळेवरच लागतं. घोळ मागच्या चाकांचा आहे. पुढची चाकं ३० अंश वळवली तर ६ मीटर व्हीलबेसच्या बसच्या पुढच्या अ‍ॅक्सलचा (चाकांना जोडणाऱ्या आसाचा) मध्य १२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर फिरतो. मागच्या अ‍ॅक्सलचा मध्य मात्र १०.४ मीटरच्या वर्तुळावर. म्हणजे मागची चाकं पुढच्यांच्या वाटेने जातच नाहीत, ती १.६ मीटर आतून वळण कापतात. २.७ मीटर व्हीलबेसची टॅक्सी त्याच १२ मीटरच्या वळणावर जेमतेम ३० सेंटीमीटर आत सरकते. तुमचा खांब या १.६ मीटरमध्ये सापडतो.

आता बाहेरची बाजू बघा. बसचा पुढचा बाहेरचा कोपरा १४.४ मीटरच्या वर्तुळावर जातो आणि मागच्या चाकांपाशी आतली कड ९.१५ मीटरवर असते. अडीच मीटर रुंदीची गाडी वळताना सव्वापाच मीटर रस्ता व्यापते, त्याचं कारण हे. शिवाय शेपूट. वळण सुरू होतं त्या क्षणी मागचा कोपरा वळणाच्या उलट दिशेला सुमारे ४० सेंटीमीटर बाहेर झुकतो. शेजारच्या लेनमधली गाडी ‘आपोआप’ घासली गेली असं वाटतं, तेव्हा या शेपटाने तिला गाठलेलं असतं.

यावर उपाय असा. चौक येण्याआधीच वेग रांगण्याइतका आणा. वळायचं त्याच्या विरुद्ध बाजूच्या लेनमध्ये जा. आता संयम ठेवून सरळ पुढे जात राहा. बसचा पुढचा बंपर आडव्या रस्त्याच्या मध्यापर्यंत पोहोचला की मगच पूर्ण स्टिअरिंग मारा. शहरी बसमध्ये ड्रायव्हर पुढच्या चाकांच्याही पुढे बसतो, त्यामुळे आतल्या कॅमेऱ्यातून पाहताना आता भिंतीला धडकणार असं वाटतं तीच बहुधा वळायची खरी वेळ असते. नवशिक्याने कॅमेरा सगळ्यात मागचा ठेवावा आणि नजर आतल्या मागच्या चाकावर ठेवावी. पुढचं तोंड बघून बस वळवली की खांबाला ती हमखास घासते!

हँडब्रेक मारून बस फिरवायचा मोह बहुतेकांना होतो. मोटारीत ती युक्ती चालते. बसमध्ये मागची चाकं अडकली की तीन मीटरचं शेपूट गोफणीसारखं बाहेर फेकलं जातं, आणि हँडब्रेक सोडताक्षणी चाकांना पुन्हा पकड मिळून गाडी आडवी होते. बस उलटण्याचे बरेच प्रसंग हँडब्रेक सोडल्यानंतरच्या त्या अर्ध्या सेकंदातले असतात. उताराला गाडी उभी करायला तो वापरा, वळायला नको.

प्रश्न: एकट्याने खेळायच्या भागात हँडलिंगच्या फाइलमध्ये (गाडी कशी चालते ते ठरवणारे आकडे असलेल्या) बसचं वजन निम्मं केलं. बस तसूभरही वेगवान झाली नाही. फाइल वाचली जात नाही का?

फाइल वाचली जाते आहे. खात्री करायची तर त्या हलक्या बसने एखाद्या ट्रकला धडक देऊन बघा. आधी ट्रक बाजूला सरकत असे, आता बसच उडेल.

जीटीए ५ च्या हँडलिंग फाइलमध्ये ‘मास’ हा आकडा किलोग्रॅममध्ये असतो आणि त्याचा प्रभाव दिसतो तो दुसऱ्या गाडीशी किंवा हलणाऱ्या वस्तूशी टक्कर झाली की. वेग पकडण्याशी त्याचा संबंध नाही, कारण इंजिनचा जोर या खेळात त्वरणासारखा मोजला आहे. वजन कितीही असो, ते हिशेबातून निघून जातं. मालिकेतल्या ‘सॅन अँड्रियास’ या जुन्या भागातही तसंच. त्या खेळाच्या फाइलमध्ये साध्या बसचं वजन ५५०० आणि कोचचं ९५०० आहे, तरीही मोकळ्या हमरस्त्यावर जड असलेला कोचच पुढे निघतो.

तेव्हा वजन पुन्हा मूळ आकड्यावर न्या. बसचं वजन हीच तिची खरी ताकद आहे, ती हातची घालवू नका. वेग हवा असेल तर दोन आकडे बघा. ‘इनिशियल ड्राइव्ह फोर्स’ हा ओढीचा आकडा. तो एका वेळी ०.०२ ने वाढवा, यापेक्षा मोठी उडी घेतली की जागेवरच चाकं फिरू लागतात. ‘इनिशियल ड्राइव्ह मॅक्स फ्लॅट व्हेल’ हा सर्वोच्च गिअरमधला वेग. त्याला साधारण १.३२ ने गुणलं की ताशी किलोमीटर मिळतात. नुसता हा दुसरा आकडा वाढवला आणि ओढ तितकीच ठेवली, तर बस त्या वेगापर्यंत पोहोचतच नाही, उलट गिअर लांबल्यामुळे सुरुवातीला अधिक मठ्ठ होते. ही चूक सर्रास होते.

फाइल ‘अपडेट’ या आर्काइव्हमध्ये (खेळाच्या अनेक फाइली एकत्र बांधलेल्या मोठ्या फाइलमध्ये) ‘कॉमन’ आणि मग ‘डेटा’ या फोल्डरांत सापडते. ओपन-आयव्ही या आर्काइव्ह उघडायच्या साधनाने उघडायची असेल तर मूळ आर्काइव्हला हात न लावता ‘मॉड्स’ फोल्डरमधल्या प्रतीवर काम करा. आणि अशी बदललेली फाइल ठेवून ऑनलाइन जाऊ नका. खातं बंद होतं.

प्रश्न: बस वळणावर घसरत होती म्हणून टायरची पकड वाढवली. आता घसरत नाही, थेट कुशीवर पडते. असं उलटं का झालं?

उलटं काही झालं नाही, झालं ते अगदी अपेक्षित. घसरणं हा उंच गाडीचा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो आणि तो तुम्ही बंद केला.

बसच्या डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर २ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून १.२५ मीटर उंच असं धरा. अर्धं अंतर भागिले उंची, म्हणजे १ भागिले १.२५, उत्तर ०.८. वळणावरचा आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट झाला की आतली चाकं उचलली जातात. टायरची पकड ०.७ पटीतच सुटत असेल तर गाडी आधी घसरते, वेग उतरतो आणि पुन्हा सावरते. पकड १ पट केली की घसरण्याची पाळी येण्याआधीच ०.८ ची मर्यादा ओलांडली जाते. मग उरतं ते कुशीवर पडणं.

आता गंमत अशी की जीटीए ५ मध्ये ‘ट्रॅक्शन कर्व्ह मॅक्स’ची मूल्यं साध्या मोटारींनाही २ च्या आसपास असतात. खऱ्या डांबरी रस्त्यावरच्या टायरपेक्षा कितीतरी जास्त. एवढ्या पकडीला खऱ्या उंचीची बस प्रत्येक कोपऱ्यावर आडवी झाली असती. म्हणून खेळ तीन ठिकाणी मखलाशी करतो: गुरुत्वमध्य दिसतो त्यापेक्षा खाली ठेवतो, अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारी दांडी) कडक करतो आणि रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) वर उचलतो. पकड वाढवायचीच असेल तर या तिन्हींना सोबत घ्यावं लागतं.

क्रम असा ठेवा. आधी ‘सेंटर ऑफ मास ऑफसेट’मधला झेड, म्हणजे गुरुत्वमध्याच्या उंचीचा आकडा, ०.१ ने खाली आणा. हा आकडा मीटरमध्ये आहे आणि ऋण म्हणजे खाली. चाचणी घ्या. पुरेसं नसेल तर ‘रोल सेंटर हाइट’ पुढे आणि मागे दोन्हीकडे ०.०५ ने वाढवा. अँटी-रोल बारला शेवटी हात लावा, कारण तो फार कडक केला की खडबडीत रस्त्यावर एका बाजूच्या चाकाला बसलेला धक्का सरळ दुसऱ्या बाजूला जातो आणि बस बदकासारखी डुलत चालते. एका वेळी एकच आकडा बदला, एकाच वळणावर, एकाच वेगाने तपासा. तीन आकडे एकदम बदलून ‘आता बरी वाटते’ म्हणणाऱ्याला पुढच्या वेळी काय बिघडलं हे कधीच कळत नाही.

झेड फार खाली नेला, म्हणजे गुरुत्वमध्य जवळजवळ रस्त्याला टेकला, तर बस उलटणारच नाही हे खरं. पण वळणावर ती झुकायचीही थांबते आणि खेळण्यातली गाडी दिसू लागते. आमच्या मते थोडी झुकणारी बस चांगली. झुकणं पाहूनच तर चालवणाऱ्याला कळतं की आता पुरे.

प्रश्न: पहिल्या भागापासून आतापर्यंत बसचं रूप कसं बदलत गेलं?

सुरुवातीच्या वरून दिसणाऱ्या खेळांमध्ये बस म्हणजे छताचा एक लांब आयत. तरी १९९९ च्या जीटीए २ मध्ये एक सोय होती, जी पुढच्या त्रिमितीय भागांत हरवली: स्टॉपवर उभं राहून धावत्या बसमध्ये प्रवासी म्हणून चढता येत असे. त्याच खेळात रशियन टोळीचं एक कुप्रसिद्ध काम आहे. बस घेऊन स्टॉपवरचे प्रवासी गोळा करायचे आणि त्यांना मांसाच्या कारखान्यात नेऊन सोडायचं, तिथे त्यांचे हॉट डॉग होतात. काळा विनोद यापेक्षा काळा होत नाही.

२००१ च्या जीटीए ३ पासून दोन गाड्यांची जोडी ठरली: शहरात फिरणारी ‘बस’ आणि लांब पल्ल्याचा ‘कोच’. व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियासमध्ये हीच जोडी कायम राहिली. सॅन अँड्रियासमधली बस पाहिली की जनरल मोटर्सने १९७७ पासून बनवलेली ‘रॅपिड ट्रान्झिट सिरीज’ आठवते. खेळाचा काळ १९९२ चा, त्यामुळे पंधरा वर्षांपूर्वीच्या घडणीची बस अमेरिकी रस्त्यावर दिसणं हे बरोबरच आहे. बस रस्त्यावर वर्षानुवर्षं टिकते हे डिझायनरांच्या ध्यानात होतं.

२००८ चा जीटीए ४ हा बसप्रेमींसाठी वेगळाच. खेळाचं सॉफ्टवेअर इंजिन नवं, गाड्यांचं सस्पेन्शन मऊ, ब्रेक दाबला की नाक खाली जातं आणि वळताना अंग बाहेर कलतं. कोच मात्र या भागात गायब झाला. अनेकांना या भागातल्या सगळ्याच गाड्या बोटीसारख्या वाटल्या. मोटारींबाबत ती तक्रार रास्त असेल, पण बस बोटीसारखीच चालते! संपूर्ण मालिकेत बसपणा सर्वांत नेमका पकडला आहे तो इथे.

२०१३ च्या जीटीए ५ ने चालवणं सोपं केलं आणि प्रकार वाढवले. शहर बस आणि विमानतळ बस यांचा सांगाडा एकच, रंगकाम वेगळं. लांब पल्ल्याच्या गाडीचं नाव ‘डॅशहाउंड’. ग्रेहाउंड या अमेरिकी बससेवेची ती उघड टिंगल. भाड्याच्या गाड्यांच्या कंपनीची छोटी शटल आणि तिच्याच घडणीवरची, उघड्या टपाची पर्यटक बस. वर तुरुंगाची बस. २०१८ मध्ये ‘आफ्टर अवर्स’ या अपडेटबरोबर ऑनलाइन भागात त्याच तुरुंगबसच्या सांगाड्यावर नाचगाण्याची ‘फेस्टिव्हल बस’ आली, तेव्हाची किंमत खेळातले १८,४२,०५० डॉलर. एवढ्या पैशांत वळणं काही सुधारत नाहीत.

प्रश्न: सॅन अँड्रियासमध्ये जास्तीच्या अ‍ॅक्सलची बस बसवली. मधली चाकं फिरतात, पण खड्ड्यात ती हवेतच राहतात.

राहणारच. जीटीए ३ ते सॅन अँड्रियास या काळात गाडीचं भौतिक गणित चार चाकांचंच आहे. मधल्या अ‍ॅक्सलची चाकं फक्त दिसायला जोडलेली असतात आणि मागच्या चाकांच्या हालचालीची नक्कल करतात. त्यांना वजन नाही, पकड नाही. नंतरच्या भागांच्या सॉफ्टवेअर इंजिनमध्ये जास्तीची चाकं खरोखर रस्त्याला टेकतात. तुमच्या बसचं मागचं चाक जिथे भार घेतं असं तुम्हाला वाटतं, तिथेच मागच्या चाकाचा डमी (मॉडेलमधली चाकाची जागा दाखवणारी खूण) ठेवा, आणि जास्तीचं चाक शोभेचं समजा.

प्रश्न: त्याच खेळात ४३१ क्रमांकाच्या बसच्या जागी नवं मॉडेल टाकलं. चाकं रस्त्यात अर्धी रुतलेली दिसतात. कधी कधी बस दिसताच खेळ बंद पडतो.

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, कारणंही वेगळी.

रुतलेल्या चाकांसाठी आधी ‘व्हेइकल्स’ या आयडीई फाइलमधली ४३१ ची ओळ बघा. तिच्या शेवटाकडे दोन दशांश आकडे असतात, पहिला पुढच्या आणि दुसरा मागच्या चाकाचा आकार. मॉडेल बनवणाऱ्याने सोबतच्या मजकूर फाइलमध्ये हे आकडे बहुधा दिलेले असतात आणि लोक ते वाचत नाहीत. दिलेले नसतील तर ०.०५ च्या टप्प्याने बदलत जा. चाकाचा आकार बरोबर येऊनही बस बसकी वाटत असेल तर हँडलिंग फाइलमध्ये सस्पेन्शनची खालची मर्यादा बघा. ती ऋण असते. जास्त ऋण केली की बस वर उचलली जाते. फार ऋण केली तर बस उंटासारखी दिसेल आणि टायरच्या पकडीच्या उत्तरात सांगितलेलं उलटणं इथेही सुरू होईल.

खेळ बंद पडणं हे जवळजवळ नेहमी टकरीच्या साच्यामुळे, म्हणजे गाडी कुठे आदळते ते ठरवणाऱ्या न दिसणाऱ्या आकारामुळे. सॅन अँड्रियासमध्ये गाडीचा हा साचा मॉडेलच्या फाइलमध्येच भरलेला असावा लागतो. जुन्या खेळासाठी बनवलेलं मॉडेल नुसतं नाव बदलून टाकलं की तो नसतो, आणि बस रस्त्यावर अवतरताच सगळं कोसळतं. झेड-मॉडेलर या मॉडेल घडवायच्या साधनात उघडून साचा आहे का बघा, नसेल तर मूळ बसचा घेऊन लांबी-रुंदी जुळवा. नवं मॉडेल मूळ आर्काइव्हमध्ये न कोंबता मॉड लोडरच्या (मूळ फाइली न बदलता बदल जोडणाऱ्या साधनाच्या) फोल्डरमध्ये ठेवलंत तर बिघडल्यावर फोल्डर बाहेर काढणं एवढंच काम उरतं.

प्रश्न: जुन्या भागांत बसमध्ये बसलेली माणसं का दिसत नाहीत?

मुद्दाम वगळली आहेत. हँडलिंग फाइलमध्ये ‘इज बस’ अशी खूण असते. जीटीए ३ आणि व्हाइस सिटीमध्ये ही खूण असलेल्या गाडीत माणूस शिरला की त्याचं चित्र काढणंच थांबतं. माणसं हिशेबात असतात, पडद्यावर नसतात. त्या काळच्या यंत्रांवरचा भार वाचवण्याचा हा सरळ उपाय होता.

प्रश्न: जीटीए ५ मधल्या ‘बस असॅसिनेशन’ कामात बसनेच लक्ष्य उडवायचं सुवर्णपदकाचं उद्दिष्ट जमत नाही.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी: खेळातला एक नायक फ्रँकलिन शहर बस घेतो, ठरलेल्या स्टॉपवर थांबत प्रवासी चढवतो, आणि ज्याला मारायचं तो माणूस त्याला पाहून सायकलवरून पळ काढतो.

सायकल अरुंद जागेतून निसटते, बस नाही, म्हणून तिच्या वळणांचा पाठलाग करू नका. तो वळला की तुम्ही वेग राखत रुंद वळण घ्या आणि सरळ रस्ता मिळेपर्यंत मागे राहा. लांब सरळ पट्ट्यावर बसचा वेग सायकलला सहज गाठतो. नेम बंपरच्या मध्याने धरा. कोपऱ्याने धरलात तर शेवटच्या क्षणी तो अर्धा मीटर सरकतो आणि सुटतो. स्टॉपवरून निघतानाच बस रस्त्याला समांतर उभी केलेली असेल तर पहिली पाच सेकंदं वाचतात, आणि पदक बहुधा तिथेच हुकतं. थांबताना तोंड फूटपाथकडे तिरकं ठेवायची सवय सोडा.

जाता जाता: या कामानंतर खेळातल्या बाजारात व्हॅपिड या मोटार कंपनीचा शेअर पडलेला असतो. तो काम संपल्यावर घ्यायचा असतो, आधी नव्हे.

प्रश्न: तुरुंगाची बस शहर बसपेक्षा चालवायला सोपी का वाटते?

तिला बोनेट आहे. इंजिन पुढे, पुढची चाकं बोनेटखाली, आणि ड्रायव्हर त्यांच्या मागे. म्हणजे वळण सुरू होतं ते तुमच्या पुढे, मोटारीसारखं, डोळ्यांना सवयीचं. शहर बसमध्ये तुम्ही चाकांच्या पुढे लटकत असता. ऑनलाइनच्या ‘प्रिझन ब्रेक’ हाइस्टच्या (अनेक टप्प्यांच्या मोठ्या कामाच्या) तयारीत हीच बस पळवावी लागते, तेव्हा हा फरक उपयोगी पडतो: तिला टॅक्सीसारखं वळवायला सुरुवात केली तरी चालतं, फक्त मागची चाकं आत येणार हे धरून थोडी जागा सोडा.

प्रश्न: सॅन अँड्रियासमध्ये बस उलटी पडली तर वाचवता येते का?

छतावर पडली असेल तर नाही. उलटी गाडी पेट घेते. या खेळात प्रत्येक गाडीची तब्येत १००० पासून सुरू होते आणि २५० च्या खाली गेली की आग लागते. त्यानंतर स्फोटापर्यंत साधारण पाच सेकंद मिळतात. बसला मोटारीपेक्षा वेगळी तब्येत दिलेली नाही, एवढी मोठी दिसते म्हणून जास्त टिकेल हा गैरसमज आहे. कुशीवर पडली असेल तर एखादी जड गाडी आणून छताच्या कडेला हळू ढकला, चाकांच्या बाजूला नको. छताकडून ढकलली की ती चाकांवर येते. चाकांकडून ढकलली की पुरती उलटी होते आणि पेटते.